नाल उतरल्यावर

खिळ्यांची बाहेर वळवलेली टोकं आधी उचलायची. मग टाचेकडून पक्कड सारायची आणि खुराच्या मध्याकडे, आतल्या बाजूला दाबत नाल थोडी थोडी सुटी करायची. बाहेर ओढली तर खुराची भिंत फुटते. सवयीच्या नालबंदाला चारी पायांची नाल उतरवायला अर्धा तासही लागत नाही. त्यानंतर वर्ष लागतं.

संपादकांनी या अंकासाठी ‘पाऊल’ हा विषय दिला तेव्हा मला मुळशीकडच्या एका छोट्या तबेल्यातली घोडी आठवली. शर्यतींतून निवृत्त झालेली, नऊ वर्षांची, कुमैत रंगाची. रेसकोर्सच्या कागदांवर तिचं लांबलचक इंग्रजी नाव आहे, तबेल्यात सगळे तिला छबी म्हणतात. तिच्या पुढच्या पायांत लंगडेपण वारंवार येत होतं. नाल बदलून पाहिली, पॅड लावून पाहिले, विश्रांती दिली. शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्याने मालकिणीने नाल काढायची ठरवली. मी उन्हाळ्यात पहिल्यांदा गेले आणि पुढे पावसाळा, हिवाळा तिच्याकडे जात राहिले. घोड्याला अनवाणी करणं म्हणजे काय, हे तिथे मोठ्या कष्टाने, इंच इंच घडताना दिसलं.

मधल्या बोटावर उभं जनावर

घोड्याच्या पुढच्या पायात आपण ज्याला गुडघा म्हणतो, ते खरं तर मनगट. त्याखाली तळहाताचं एक मोठं हाड आणि एकच बोट, मधलं. खूर म्हणजे त्या बोटाचं नख. साडेचारशे-पाचशे किलोचा देह, त्यातला सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर, आणि मनगटाखाली स्नायू जवळजवळ नाहीतच. खाली सगळा कारभार कंडरांचा आणि अस्थिबंधांचा.

खुरातलं सर्वांत खालचं हाड तळव्यावर नुसतं टेकलेलं नसतं, ते भिंतीच्या आतल्या अंगाला टांगलेलं असतं. भिंतीचे सुमारे सहाशे पापुद्रे हाडावरच्या पापुद्र्यांत गुंतलेले असतात आणि प्रत्येकाला आणखी शंभरावर बारीक पदर. एवढ्या पृष्ठभागावर भार वाटला जातो म्हणून घोडा उभा राहू शकतो. लॅमिनायटिसमध्ये हीच गुंफण सुटते आणि हाड खाली सरकू लागतं. घोड्यांच्या जगात हा शब्द लोक दबक्या आवाजात उच्चारतात.

पाय उचलून तळ पाहिला की मागच्या अर्ध्या भागात एक रबरासारखा त्रिकोण दिसतो. नालबंद त्याला पुतळी म्हणतात. पुतळीच्या वर, टाचेच्या आत एक गादी असते. शिंगराची ही गादी मऊ, चरबीची असते. ते जसजसं चालेल, टाच जमिनीला टेकवत मैलच्या मैल तुडवेल, तसतशी ती तंतुमय आणि चिवट होत जाते. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या रॉबर्ट बाउकर यांनी घोड्याच्या पायाच्या मागच्या भागावर बराच अभ्यास केला. पाय टेकताना टाचा किंचित फाकतात, आतल्या शिरांच्या जाळ्यातून रक्त ढकललं जातं आणि धक्का शोषण्यात या रक्ताचाही वाटा असतो, अशी त्यांची मांडणी आहे. म्हणून निरोगी घोडा सपाट जमिनीवर चालताना टाच आधी, नाहीतर सगळा खूर एकदम टेकवतो. टोक आधी टेकवणारा घोडा टाच वाचवतो आहे, म्हणजे टाच दुखते आहे, असं समजावं.

नाल खुराला झिजू देत नाही, फुटक्या भिंतीला बांधून ठेवते, काही दुखण्यांत आधार देते. ही कामं ती चोख करते आणि तिची निंदा करण्यात अर्थ नाही. मात्र तिच्यामुळे भार मुख्यतः भिंतीच्या कडेवर येतो, तळवा आणि पुतळी जमिनीपासून उचलली जाते. खूर झिजत नाही, वाढत मात्र राहतो. म्हणून दर पाच-सहा आठवड्यांनी नाल काढून, छाटून पुन्हा ठोकावी लागते. दोन पाळ्यांमधलं अंतर वाढलं की खुराचं टोक पुढे पळतं आणि टाचा पुढे झुकून चेपतात.

शर्यतीचा घोडा दुसऱ्या वर्षीच पळू लागतो. हाडं पूर्ण भरायच्या आत त्याच्या पायांत ॲल्युमिनियमची हलकी नाल असते आणि दिवसातला बहुतेक वेळ तो खोलीत उभा असतो. टाचेची गादी घडायची वर्षं अशी निघून जातात. छबीच्या एक्स-रेमध्ये पुढच्या खुरांच्या तळव्याची जाडी ९ मिलिमीटर दिसत होती. ती १५ तरी असावी असं मानलं जातं.

“चालवणार कुठं?”

नालबंद तिसऱ्या पिढीतला. आजोबा टांग्याच्या घोड्यांची नाल ठोकत, वडील रेसकोर्सवर होते. त्याने छबीचा पाय मांडीवर घेतला, अंगठ्याने तळवा दाबला, तसा तिने पाय ओढून घेतला. “काढायला मी काढतो ताई,” तो मालकिणीला म्हणाला, “पण पुढं चालवणार कुठं?”

तबेल्याचा जुना सईस फलटणकडचा, सगळ्यांचा मामा. त्याला हा बेतच मान्य नव्हता. “शर्यतीचं जनावर आहे ताई, धनगराचं तट्टू नाही,” असं तो पहिला महिनाभर रोज बोलून दाखवत होता. त्याचं म्हणणं निव्वळ हट्टाचं नव्हतं. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या पट्ट्यात मेंढरांबरोबर फिरणाऱ्या धनगरांची भीमथडी घोडी संसाराचं ओझं पाठीवर घेऊन माळ पालथे घालतात. भीमथडीची अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. मुळशीला जाताना घाटाखाली मेंढरांचा एक वाडा लागला. तिथली दोन तट्टं मी थांबून पाहिली. नाल नव्हती, खूर आखूड, कडा झिजून गोल झालेल्या, पुतळी रुंद आणि कोरडी. जन्मापासून चाललेले पाय होते ते. मामाला हेच म्हणायचं होतं, की तो पाय चालून झालेला आहे, नाल काढून झालेला नाही.

नाल उतरल्यावर छबी अंगणातल्या खडीवर आली आणि थबकली. मग टोक आधी टेकवत, आखूड पावलं टाकत, मान खाली घालून गवताच्या पट्ट्याकडे गेली. उभी राहिली तीही उजवा पाय पुढे काढून. घोट्यामागच्या नाडीवर बोट ठेवलं की ठोका स्पष्ट लागत होता. निरोगी पायात तो जेमतेम सापडतो. मालकीण त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ चारी पायांची नाडी आणि खुराची ऊब एका वहीत लिहू लागली. मला ती वही या सगळ्या उपचारातलं सर्वांत मोलाचं साधन वाटली.

साडेतीन आठवड्यांनी छबी एका सकाळी तीन पायांवर उभी सापडली. खूर तापलेला, नाडी उडत होती. मामाने काही न बोलता मालकिणीकडे पाहिलं. डॉक्टरांनी तळव्याचा दुखरा बिंदू शोधून बारीक भोक पाडलं आणि काळा पू बाहेर आला. कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून शेक, वर पट्टी, धनुर्वाताची लस घेतलेली आहे ना याची खात्री. दोन दिवसांत ती चारी पायांवर आली. नाल काढल्यानंतरच्या महिन्यांत अशी गळवं बऱ्याच घोड्यांना होतात. ती सोसावीच लागतात, दुखेल तेवढं दुखू द्यावं, असं म्हणणारेही लोक घोडे अनवाणी ठेवणाऱ्यांच्या पंथात आहेत. मला ते पटत नाही. घोडा दुखत असताना त्याला खडीवर चालवलं तर तो टाच आणखी उचलतो आणि ज्या भागाला व्यायाम हवा तोच बाजूला पडतो. वेदना कमी ठेवणं ही इथे दयेइतकीच कामाचीही गोष्ट आहे.

म्हणून पुढच्या दोन पायांना रबरी बूट आले. आत जाड फोमचा तळ. खुराची रुंदी आणि लांबी मिलिमीटरमध्ये मोजून मागवायचे, बाहेरून येतात, महाग पडतात आणि माप चुकलं तर टाचेवरची कातडी सोलते. बूट घालून छबी पहिल्याच फेरीत टाच आधी टेकवून चालली. मामा तिच्या बाजूने चालत होता. त्याने लगाम थोडा सैल सोडला.

मुरूम, गोटे आणि डांबर

नालबंदाचा प्रश्न जमिनीचा होता आणि त्याचं उत्तर शोधण्यात सगळ्यात जास्त मेहनत गेली. मऊ माती पायाला सुखाची असते, पण पायाला कामाला लावत नाही. गोट्यांची वाट काम देते, पण दुखऱ्या पायाला फार लवकर. गुळगुळीत सपाट डांबर गोट्यांपेक्षा सोपं जातं, हे मला आधी खरं वाटलं नव्हतं. तळव्याला खुपणारं टोक नसतं, भार सगळीकडे सारखा येतो. तेव्हा सुरुवात गावाच्या नव्या रस्त्यावर सकाळी, वाहनं नसताना, सरळ रेषेत, हातात दोर धरून दहा मिनिटं चालण्याने झाली. दोन आठवड्यांनी पंधरा. वळणं मोठी घ्यायची. दोरावर गोल गोल फिरवणं पूर्ण बंद, कारण लहान वर्तुळात पायाला पीळ बसतो.

इकडे तबेल्यात आखणी बदलली. पाण्याची टाकी कुरणाच्या एका टोकाला गेली, वैरण दुसऱ्या टोकाला, मध्ये दोर बांधून अरुंद वाट. तहान आणि भूक घोड्याला दिवसभर चालवते. वाटेवर आधी मुरूम, पुढे एका पट्ट्यात नदीचे बारीक गोल गोटे पसरले. छबी पाणी प्यायला उभी राहते तिथेच गोट्यांचा थर सर्वांत जाड होता. गोल गोटे पायाखाली सरकतात, खुराच्या तळाशी आकार घेतात आणि पुतळीला भार देतात.

ही कल्पना फार जुनी आहे. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक सेनानी झेनोफन याने घोड्यांवरच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं, की तबेल्याबाहेर मुठीत मावतील असे गोल दगड गाड्या भरून पसरावेत आणि खरारा करताना घोडा त्यांवर उभा करावा, म्हणजे खूर बळकट होतात. आपल्या काळात या विचाराला पुन्हा चालना दिली ती जेमी जॅक्सन या अमेरिकी नालबंदाने. १९८०च्या दशकात तो तिथल्या कोरड्या प्रदेशातल्या मोकाट घोड्यांचे पाय पाहत फिरला आणि १९९२मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यानंतर मोकाट घोड्याचा पाय म्हणजे आदर्श पाय, असा एक भाबडा समजही पसरला. क्वीन्सलंड विद्यापीठातल्या ब्रायन हॅम्पसन, ख्रिस पॉलिट यांनी ऑस्ट्रेलियातल्या मोकाट ब्रम्बी घोड्यांचे खूर तपासले तेव्हा त्यांतही लॅमिनायटिसच्या खुणा आणि इतर दोष सापडले. निसर्गातला पाय तिथल्या जमिनीसारखा घडतो, बस. वाळवंटातला खूर सह्याद्रीच्या पावसात जसाच्या तसा मागून चालणार नाही.

छाटणी हा यातला सर्वांत नाजूक भाग. नालेसाठी छाटताना तळ सपाट करायची सवय नालबंदाच्या हाताला असते. अनवाणी पायाचा तळवा कापायचाच नाही, पुतळीचे लोंबते तुकडे तेवढे काढायचे, भिंतीची कड कानसेने गोल करायची म्हणजे ती ढलपत नाही, आणि पुढे पळालेलं टोक मागे आणत राहायचं. थोडं थोडं, दर तीन-चार आठवड्यांनी. “जास्त काढायचा मोह होतो,” नालबंद मला म्हणाला. “हात आवरणं हेच काम.” सुरी बाजूला ठेवून तो आधी छबीला चालवून बघायचा, मग पाय उचलायचा. पुढे पुढे चालवून पाहण्यातच त्याचा निम्मा वेळ जाऊ लागला.

चंदी

खूर जमिनीवर घडतो तितकाच गव्हाणीत घडतो. शर्यतीच्या घोड्याला ताकद लागते म्हणून धान्य भरपूर. निवृत्तीनंतरही तीच चंदी चालू राहते, वर प्रेमापोटी गूळ. धान्यातला स्टार्च आणि साखर वाढली, की काही घोड्यांत इन्सुलिनचं गणित बिघडतं आणि पापुद्र्यांची गुंफण सैल पडते. मोठा आजार दिसत नाही, तळवा नुसता हळवा राहतो. नाल असेपर्यंत ते झाकलं जातं. छबीचा गूळ बंद झाला, धान्य जेमतेम उरलं, वाळलेलं गवत दिवसभर मिळू लागलं. नुसता गव्हाचा कोंडा देण्याची पद्धतही सोडली, कारण कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी. जस्त आणि तांबं यांची पुरवणी आली. बायोटिन आलं. लिपिझानर जातीच्या घोड्यांना रोज २० मिलिग्रॅम बायोटिन देऊन केलेला एक अभ्यास १९९५मध्ये प्रसिद्ध झाला होता. खुरात फरक दिसला, पण नऊ महिन्यांनी.

नऊ महिने लागायचं कारण खुराच्या गतीत आहे. खुराची भिंत महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. जिथे केस संपून खूर सुरू होतो तिथून टोकाकडची भिंत जमिनीपर्यंत पोचायला ९ महिने ते वर्ष जातं. आज बदललेल्या चाऱ्याचा खूर पुढच्या दिवाळीत जमिनीला लागतो. मधल्या काळात भिंतीवर ही सगळी हकिगत आडव्या वळ्यांनी उमटत जाते. पावसाळ्यात मालकिणीने मला छबीच्या खुरावरची एक ठळक आडवी रेघ दाखवली. रेघेवर नवी भिंत घट्ट, सरळ, थोडी उभी होती. खाली जुनी, बाहेर फाकलेली, खिळ्यांच्या भोकांसह.

चार महिन्यांची ओल

परदेशी पुस्तकांत मुळशीचा पाऊस नसतो. जूनच्या अखेरीस वाटेवरचा मुरूम चिखलात गेला, खूर पाणी पिऊन मऊ पडले आणि पुतळीच्या मधल्या घळीत कुजका वास येऊ लागला. मधली घळ खोल चिरली की टाच टेकताच दुखते, घोडा पुन्हा टोकावर चालतो. चार महिन्यांची कमाई अशी दोन आठवड्यांत वाहून जायची वेळ आली.

इथे मामा कामाला आला. कोरडा पाय कसा राखायचा हे त्याला चाळीस वर्षांच्या सरावाने ठाऊक होतं. मुताची ओल साचणारी जागा रोज उपसायची, खाली लाकडाचा भुसा बदलायचा, पाय दोनदा खरडून घळीत कापसाची वात औषधात बुडवून बसवायची. शेडखालच्या ओट्यावर गोटे त्यानेच पसरून घेतले, म्हणजे रात्रभर तरी पाय निथळत राहील. छबीच्या बूट-फेऱ्या पावसातही चुकू दिल्या नाहीत. गोठ्यात उभ्या घोड्याचा खूर औषधानेही कोरडा होत नाही, रक्त खेळलं पाहिजे, हे त्याचं म्हणणं. ‘धनगराचं तट्टू’ हा शब्द त्यानंतर मी त्याच्या तोंडून ऐकला नाही.

पाय बदलला की पाठ बदलते

दसऱ्याच्या सुमारास छबी डांबरावर बुटांशिवाय टाच टेकवून चालत होती. मला वाटलं, झालं. पण खरं पुनर्वसन तिथून पुढे होतं. वर्षानुवर्षं टाच वाचवणारा घोडा खांदे आखडून चालतो, मान वर धरतो, पाठ पोकळ करतो. पायाचं दुखणं गेलं तरी अंगाला लागलेली ती चाल राहते. पाऊल लांबलं की कंडरांवर वेगळा ताण येतो आणि त्यांना सवय व्हायला खुराइतकाच वेळ द्यावा लागतो.

म्हणून व्यायाम ठरले. जमिनीवर बांबू आडवे ठेवून त्यांवरून सावकाश पाय उचलत चालणं. दोरीच्या हलक्या खुणेवर मागे चार पावलं. हलका चढ, उतार त्याहून नंतर, कारण उतारावर पुढच्या टाचांवर भार येतो. आठवड्यातून दोन दिवस नुसती मोकळीक. खोगीर चढलं ते हिवाळ्यात आणि तेही बदलून, कारण खांद्यामागे मांस भरल्याने जुनं खोगीर टोचू लागलं होतं. पहिली दुडकी चाल मऊ मैदानात, सरळ रेषेत, एका फेरीपुरती. त्या महिन्यातल्या एक्स-रेत तळवा १४ मिलिमीटरच्या जवळ आला होता. मालकिणीने फिल्म उजेडाकडे धरली, तेव्हा तिचे हात थरथरत होते.

छबी आज गोटाळ रानवाटेवर जाताना पुढच्या पायांत बूट घालते. कदाचित कायम घालेल. यात हरल्यासारखं काही नाही. काही घोड्यांना, विशेषतः ज्यांच्या खुरातल्या हाडाचीच हानी झाली आहे त्यांना, विशिष्ट नाल लागतेच, असं डॉक्टर सांगतात.

माथेरानचा हिशेब

हे सारं पाहून मी माथेरानला गेले. दस्तुरी नाक्याशी मोटारी थांबतात आणि तिथून वर घोडे. प्रवासी घोडेच साडेचारशेच्या घरात, शिवाय सामान वाहणारे. लाल जांभ्याची खरखरीत माती, दगड, सतत चढउतार. खूर वाढण्याच्या वेगापेक्षा झिजण्याचा वेग जास्त असेल तर अनवाणी घोडा कामावर टिकत नाही, एवढा साधा हा हिशेब आहे. रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक आले तेव्हा अश्वपालांनी विरोध केला, कारण ओल्या गुळगुळीत ब्लॉकवर लोखंडी नाल घसरते. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, त्याच निकालात अंतर्गत रस्त्यांवर आणि पायवाटांवर पेव्हर नकोत असंही म्हटलं.

मी एका अश्वपालाला छबीची गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “वर्षभर तिचं खाणं कोण देत होतं?” मग म्हणाला, “आमचं घर दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यावर चालतं ताई. घोडा आठ महिने बसवला तर पोरांची फी कोण भरणार?” मला त्याला द्यायला उत्तर नव्हतं आणि त्याच्या घोड्याची नाल काढा असं म्हणण्याचा अधिकारही नव्हता. त्याच्या घोड्याला सर्वाधिक उपयोगी पडेल ते असं: पाळी न चुकवता नाल बदलणं, टाचा चेपू न देणं, आणि पावसाळ्यात पर्यटक ओसरतात त्या महिन्यांत नाल उतरवून पायाला मोकळा काळ देणं. शेवटची गोष्ट काही जण आजही करतात, असं त्यानेच सांगितलं.

या तिन्ही गोष्टी नालबंदाच्या हातात आहेत आणि नालबंद कमी होत चालले आहेत. मुळशीच्या नालबंदाला मी परतताना भेटले. अनवाणी पायाच्या छाटणीत त्याचा वेळ जास्त जातो. चालवून पाहायचं, थोडं काढायचं, पुन्हा चालवायचं. मजुरी मात्र निम्मी. “लोक म्हणतात, लोखंड कुठं लावलंस?” छबीच्या मालकिणीने पहिल्या दिवसापासून त्याला चार नालांइतके पूर्ण पैसे दिले. आता तिने आसपासच्या आणखी दोन तबेल्यांना तयार केलं आहे. दर चार आठवड्यांनी तो एकाच दिवशी तिघांकडे येतो, पूर्ण मजुरीवर, आणि येताना पुतण्याला बरोबर आणतो. पुतण्या अजून सुरी हातात घेत नाही. घोडा चालवायचा आणि कोणत्या पायाचं काय आधी टेकलं ते काकाला सांगायचं, एवढंच सध्या त्याचं काम आहे.